बनुबाईचं बाळंतपण

मेरीबाईंच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि ती भिंत मेली काही लपवत नाही. माझं मशीन चाललं की त्यांना कळतं, ब्लाउज आहे की गोधडी. त्यांचं पोळपाट वाजलं की मला कळतं, आज राग कोणावर आहे. म्हणून श्रावण लागता लागता भिंतीतून खरवडल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा माझा मशीनवरचा पाय थांबला. नखांनी कोणीतरी खरवडत होतं. थांबत होतं. परत खरवडत होतं. घूस म्हणावी तर घूस अशी वेळ पाळत नाही. रोज दुपारी, जेवणं झाली की सुरू. ती वेळ मला चांगली ठाऊक होती. मेरीबाईंची सिल्व्हिया गेली ती ह्याच वेळेला.

मी चांगुणा. कोल्हारला प्रवरेच्या पुलाकडे जाताना शिलाईची पाटी दिसते ती माझी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मापावर आहे. तरी सांगते, त्या आवाजानं माझ्या हातातली कात्री दोनदा खाली पडली.

मेरीबाई कोण हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हांला सांगते. उंचपुऱ्या, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की अलीकडच्या काठावरून हाक मारली तर पलीकडचा वळून बघेल. मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून त्यांचा जन्म गेला. मोझेसभाऊ, म्हणजे त्यांचे मालक, लवकर वारले. तेव्हापासून घर, पोरगी आणि वॉर्ड एवढंच त्यांचं जग. गावातली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती त्यांच्या हातावर, आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत. बिभीषण निवडणुकीला उभा राहिला आणि मत मागायला दारात आला, तर त्याला भर आळीत म्हणाल्या, "तुझे आधी पाय भाईर आले हुते, डोकं मागनं. आजून तसंच चाललंय तुझं." तरी बिभीषण त्यांच्या पाया पडून गेला.

वॉर्डात त्यांचा एकच कायदा होता. बाळंतीण एकटी ठेवायची नाही. डॉक्टर जेवायला जावोत, नर्सची पाळी बदलो, मेरीबाई स्टुलावरून हलायच्या नाहीत. कपाळावर हात ठेवायचा आणि म्हणत राहायचं, "मी हाय गं इथं." उशीखाली बायबल ठेवायच्या आणि गादीखाली, पास्टरसाहेबांना दिसणार नाही असा, विळा. मी एकदा टोचून विचारलं, "दोन्ही कशाला?" तर म्हणाल्या, "दोघांची कामं येगयेगळी हायत."

सिल्व्हिया त्यांची एकुलती एक. पुण्याला प्राण्यांचं शिकली आणि येताना एक सरडी घेऊन आली. आपल्या रानातली नव्हे, आपल्याकडची पाळणं गुन्हा आहे म्हणे. ही परदेशी जातीची, कागदपत्रांसकट घेतलेली, रंग बदलणारी. डोक्यावर उभी टोपी, शेपटीचं वेटोळं, आणि डोळे दोन दिशांना फिरणारे. एका डोळ्यानं दाराकडे बघायची, दुसऱ्यानं तुमच्याकडे. सिल्व्हियानं तिचं नाव ठेवलं बनुबाई. बनुबाई म्हणजे मेरीबाईंची आई! "आजी अशीच बसायची," ती म्हणायची, "एक डोळा चुलीवर, एक डोळा सुनेवर." मेरीबाई महिनाभर पोरीशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस मी पाहिलं, त्याच त्या बनुबाईला चिमट्यानं नाकतोडा भरवत होत्या आणि गावातल्या गोष्टी सांगत होत्या.

सिल्व्हियाचं लग्न नाशिकच्या डॅनीशी झालं. बनुबाई इथंच राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून पोरगी सातव्या महिन्यात कोल्हारला आली. ओटी भरायला मेरीबाईंनी साडी आणली ती गर्द हिरवी, तिच्यावर पिवळे आणि निळे ठिपके. ब्लाउज मी शिवला. पोटावर हात ठेवून ती माझ्या दारात उभी होती, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

नाताळ झाला आणि कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेलं. मेरीबाई रात्रभर स्टुलावर होत्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला पोरगी हसून म्हणाली, "आई, तुझ्या अंगाला फिनेलचा वास येतोय. घरी जा, डोक्यावरून आंघोळ करून ये. मी कुठं पळून चाललेय?" डॉक्टरही म्हणाले, अजून वेळ आहे. मेरीबाई आल्या, न्हाणीत शिरल्या. त्या आत पाणी घेत होत्या तेव्हा डॅनीचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. रक्त थांबलं नाही. बाळही वाचलं नाही.

मी न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहिले आणि आत तांब्यामागून तांब्या पाणी पडत होतं. काय म्हणून हाक मारू, मला सुचेना.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही तिथं असतात तरी काही करता आलं नसतं. डॅनी म्हणाला, पास्टरसाहेब म्हणाले, मी म्हणाले. मेरीबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि न्हाणीच्या दाराला बाहेरून सुतळी बांधली. त्या दिवसापासून त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. अंगणातल्या नळावर हातपाय धुवायच्या, ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या. केसांच्या जटा झाल्या. चर्चमध्ये बायका एक बाक सोडून बसायला लागल्या. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. एकदा त्या म्हणाल्या, "चांगुणे, दुपारची न्हाणीत पानी पडतंय. ऐकलंस का?" मी म्हणाले, नळ गळत असेल. न्हाणीत नळच नाही हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. आणि ऐकलं मीही होतं.

तर त्यानंतर हे खरवडणं. चार दिवस मी कानांवर पदर घेतला, पाचव्या दिवशी चप्पल न घालता त्यांच्या घरात शिरले.

सिल्व्हियाच्या खोलीत, खिडकीशी, बनुबाईचा जाळीचा पिंजरा होता. कपाटाएवढा, आत कुंडीत जास्वंद. बनुबाई कधी फांदी सोडून खाली उतरत नसे. आज ती पिंजऱ्याच्या तळाला होती आणि कोपरा दोन्ही हातांनी खरवडत होती. तेवढं बघून मला हसू यायला हवं होतं, की एवढ्याशा जनावरानं मला चार दिवस घाबरवलं. पण मी तिचा रंग पाहिला. गर्द हिरवी, आणि अंगभर पिवळे-निळे ठिपके.

"वळकलंस ना?" मेरीबाई स्टुलावरून म्हणाल्या. "तू हात लावलेलं कापड हाय."

मी पिंजऱ्याजवळ गेले.

"सिल्वी आलीय," त्या म्हणाल्या. "पोट बघ तिचं."

पोट फुगलेलं होतं, आणि कातडीखाली शेंगेत दाणे दिसावेत तसे उंचवटे दिसत होते. जन्मात नराचं तोंड न पाहिलेली ही सरडी पोटुशी! हेच एखाद्या पोरीचं झालं असतं तर आळीनं तिला जगू दिलं नसतं. मी तिथूनच पुण्याला पूजाला फोन लावला. पूजा म्हणजे सिल्व्हियाची मैत्रीण, बनुबाई तिच्याकडूनच आलेली.

"काकू, घाबरू नका," पूजा म्हणाली. "कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते ना, तसंच. पोटात अंडी असली की ह्यांचा रंग असाच होतो. ती खरवडतेय म्हणजे जागा शोधतेय. तिला खोल, ओली वाळू पाहिजे."

मेरीबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "पोरं व्हतील का त्यातनं?"

"नाही, मावशी. ती रिकामी अंडी असतात."

"मग घालायची कशाला?"

"नाही घातली तर आतच अडकतील आणि ती मरेल."

मेरीबाईंच्या पाठीचा कणा ताठ झाला, आणि मला वॉर्डातली जुनी मेरीबाई दिसली.

त्यांनी तयारी केली ती काय वर्णावी! आळीतल्या रविराजच्या बांधकामावरून मी वाळू आणली. ती त्यांनी माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळली, म्हणजे चाळणी कामातून गेली. वाळू धुतली, उकळतं पाणी ओतून निवू दिली, मग ओलावा जमेपर्यंत मूठ वळून वळून पाहिली. लाडू वळला पाहिजे आणि पाणी गळायला नको. बोटानं भोक पाडून बघायच्या, ढासळलं की परत मळायच्या. रंगाच्या रिकाम्या बादलीत ती वाळू वीतभराहून जास्त दाबून भरली आणि बादली पिंजऱ्यात ठेवली. लसूणघासाच्या वाफ्यातून नाकतोडे धरून आणले, ते कॅल्शियमच्या पुडीत घोळवून भरवले. "बाळंतिनीच्या हाडाला लागतंय," म्हणाल्या. किती महिन्यांनी त्या घरात कामाची लगबग ऐकू आली. मला इतकं बरं वाटलं की मी चाळणीबद्दल एक शब्द काढला नाही.

पूजानं एक गोष्ट बजावून सांगितली होती. "ती खणायला लागली की खोलीत कोणी नको. कोणी बघतंय असं वाटलं तर ती खड्डा अर्धा सोडून देते. पिंजऱ्यावर कापड टाका आणि बाहेर जा."

मेरीबाईंनी ऐकलं. मान डोलावली. मग पिंजऱ्यावर बायबल ठेवलं, बादलीखाली विळा सरकवला, आणि स्टूल ओढून पिंजऱ्याला गुडघे लावून बसल्या.

दुपारी बनुबाई खाली उतरली. वाळूत हात घातले. खणायला लागली. मी दारातून बघत होते. मेरीबाई पुढे वाकल्या, जाळीवर तळहात टेकला आणि त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "मी हाय गं इथं. भिऊ नगं, सिल्वे."

बनुबाईचा एक डोळा मागं फिरला. हात थांबले. बघता बघता ती सगळी काळी पडली, ठिपकेसुद्धा बुडाले, आणि ती खड्ड्यातून निघून फांदीवर गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. मेरीबाईंचं एकच, "बाळंतीन एकटी ठिवायची न्हाई." मग बनुबाईनं खाणं सोडलं. नंतर एका दुपारी भिंतीतून आवाज आला नाही म्हणून मी गेले. ती बादलीच्या काठाशी अंग टाकून पडली होती आणि दोन्ही डोळे मिटलेले. जे डोळे कधी एका जागी राहिले नाहीत, ते दोन्ही मिटलेले. मी पूजाला मोबाईलवर दाखवलं.

"दिवसा डोळे मिटणं वाईट, काकू. आज नाही घातली तर पुण्याला आणा. ऑपरेशन करावं लागेल. पण वाटेत टिकेल असं मी सांगत नाही."

मेरीबाई स्टुलावरच होत्या, हात जाळीवर. "सिल्वे," त्या पुटपुटत होत्या, "ह्या टायमाला मी हलायची न्हाई."

माझा तोल गेला. "ती तुमच्यामुळं मरतीय!" मी ओरडले. "तिला तुमी नकोयत इथं! जा म्हनतीय ती तुमाला, कळत न्हाई का?"

मेरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"सिल्वीबी जाच म्हनली हुती," त्या म्हणाल्या. "मी गेले. एकटी ठिवली म्हनून गेली माजी पोर."

"अन् एकटी ठिवत न्हाई म्हनून ही जाईल," मी म्हणाले.

बोलले आणि जीभ चावली. बाहेर रस्त्यावर थांबलेल्या एसटीचा कंडक्टर नगर-नगर ओरडत होता. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून बसलेलं नाही. अशा वेळेला माणसाच्या मनात काय वाटेल ते येतं.

मेरीबाई उठल्या. त्यांचे गुडघे वाजले. कपाटातून त्यांनी ती साडी काढली, हिरवी, ठिपक्यांची, त्या ओटीनंतर घडीसुद्धा न मोडलेली. ती उलगडून पिंजऱ्यावर टाकली, चारी बाजूंनी सारखी केली. स्टूल उचलून माझ्या हातात दिलं. मग साडीपाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "बनुबाई."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिला तिच्या नावानं हाक मारली.

"मी आंघूळ करून येते," त्या म्हणाल्या.

सुतळीची गाठ सुटेना. मी कात्री आणते म्हणाले, तर नको म्हणाल्या, दातांनी सोडवली. न्हाणीचं दार उघडलं तेव्हा आत बादली होती, बादलीवर पालथा तांब्या, आणि साबणाची वडी चिरून पांढरी पडलेली. त्या दिवशीचं सगळं तसंच. नळावरून मी पाणी आणून दिलं. दार लागलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग पहिला तांब्या पडला.

मी अंगणात स्टूल धरून उभी. एका कानात पाणी. आणि दुसऱ्या कानात, खोलीतून, हळू, मग जरा जोरानं, खरवडणं. हे दोन्ही आवाज कितीतरी दुपारी मी ऐकले होते आणि घाबरले होते. आज दोन्ही एकदम येत होते आणि मी हलले नाही. फक्त मनात म्हणत होते, देवा, थांबू देऊ नको. कोणता आवाज, ते मलाही ठाऊक नाही.

आणि माझा मोबाईल वाजला.

तीच जागा, तीच वेळ, आत तेच पाणी. मी त्या फोनकडे बघत राहिले. न्हाणीत पाणी थांबलं. दारामागे मेरीबाई श्वास धरून उभ्या असणार, मला दिसत नव्हत्या पण दिसल्या.

मी फोन उचलला. वरच्या आळीतली साळूबाई. ब्लाउज झाला का म्हणून विचारत होती.

जन्मात कोणाला दिल्या नसतील एवढ्या शिव्या मी साळूबाईला दिल्या. मग न्हाणीकडे तोंड करून ओरडले, "काय न्हाई, मेरीबाई! गिऱ्हाईक हाय! घ्या पानी, घ्या!"

जरा वेळानं तांब्या पुन्हा पडायला लागला.

त्या बाहेर आल्या त्या डोक्याला पंचा घट्ट गुंडाळून. अंगाला साबणाचा वास. खोलीकडे एक पाऊल टाकलं, मी हात आडवा केला. आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर पायरीवर बसलो, खोलीकडे पाठ करून. आभाळ भरलेलं होतं. चहासुद्धा करायला उठलो नाही. कधीतरी खरवडणं थांबलं, आणि मेरीबाईंनी माझं मनगट धरलं. अजून सोडलं नाही असं वाटावं, इतकं घट्ट. आत चिडीचूप. मुलीच्या साडीखाली काय असेल ते बघायला जायची हिंमत दोघींतही नव्हती. मग वाळूवर काहीतरी फिरल्याची बारीक सरसर ऐकू आली, बराच वेळ, मग तीही थांबली. उन्हं उतरली. कोंबड्या खुराड्याकडे वळल्या.

"चल," मेरीबाई म्हणाल्या. "काय आसंल ते."

साडी त्यांनीच उचलली, जाळीचं दार उघडलं. बादलीतली वाळू सपाट होती, हातानं चापून सारखी केल्यासारखी. तिथं कधी कोणी खणलं असेल असं वाटलंच नसतं. फांदीवर बनुबाई होती. पोट खपाटीला गेलेलं, कातडीच्या वळ्या पडलेल्या, हात थरथरत होते. रंग कोवळा हिरवा, साधा. ठिपके विरत चालले होते. पण एक डोळा दाराकडे होता आणि एक मेरीबाईंकडे.

मेरीबाई खाली वाकल्या तसा पंचा सुटला आणि ओले केस जाळीच्या दारातून आत जास्वंदीवर आले. केसांतून पाणी पानावर ठिबकलं. बनुबाईनं मान पुढे काढली आणि तो थेंब प्यायली. मग दुसरा. मेरीबाई हलल्या नाहीत, वाकल्या तशाच राहिल्या, केस पानावर धरून.

"चांगुणे," त्या म्हणाल्या, आणि तो गावभर ऐकू जाणारा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "आंघूळ करून आले, अन् ही हाय."